सहाशे लिटर पाणी

मी पाणी मोजलं नाही.

कॅरव्हॅन मोजली, जनरेटर मोजला, गालिचे मोजले, कॉफीच्या किटल्यांची पेटीसुद्धा अंदाजाने धरली. पाणी राहिलं. सहाशे लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे चौथीतलं पोरगं सांगेल. पण मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये काढलेला होता, त्यामुळे मला असलं काही विचारायची कुणाची हिंमत व्हायची नाही. एकाने विचारलं होतं, त्याचं मी ऐकलं नाही. ते पुढे येईलच.

आधी धंदा काय होता ते सांगतो, कारण चिपळूणला आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी दुबईत शेखांच्या गाड्या धुवायचो. नव्वदच्या दशकात आणि त्यापुढची काही वर्षं मी अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. आमच्याकडे गाडीच्या मागे गाडी जोडायचं काम चालायचं. कुणाला बोट ओढायची असायची, कुणाला घोडा न्यायचा असायचा, पण सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कॅरव्हॅनचं. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, संडास, एसी, सगळं. इंजिन तेवढं नसतं. ती पिकअपच्या मागे लावून ओढत न्यायची. थंडी पडली की तिथली स्थानिक कुटुंबं वाळवंटात मुक्काम ठोकतात. पुरुष तंबूत, बायका-मुलं कॅरव्हॅनमध्ये, मध्ये शेकोटी. आपण मे महिन्यात कोकणात जातो, ते डिसेंबरात वाळूत जातात.

तर कुठल्या पिकअपच्या मागे कुठली कॅरव्हॅन शोभेल, हे ठरवायचं काम माझं. बायकोला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वधूवरसूचक मंडळ." मला ते पटलं. आमच्याकडेही दोन्ही बाजूंचे लोक खरं सांगायचे नाहीत.

पिकअपच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते आणि गाडीबरोबर एक जाडं पुस्तक येतं. त्यात गाडी मागून किती वजन ओढेल ते लिहिलेलं असतं. पिकअप, कॅरव्हॅन, माणसं आणि सामान सगळं मिळून किती चालेल, तेही लिहिलेलं असतं. लोक पहिला आकडा वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्यात अमेरिकन गाडीचे आकडे पौंडात. ते किलो समजून वाचले की गाडीची ताकद दुपटीहून वाढते आणि मालक खूश होतो. कॅरव्हॅनच्या पट्टीवर जे वजन असतं ते ती कारखान्यातून निघाली तेव्हाचं. त्यात गादी नाही, माणूस नाही, तांदळाचं पोतं नाही.

आणि नाक. कॅरव्हॅनचा पुढचा दांडा पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर येऊन बसतो, त्याला आम्ही नाक म्हणायचो. कॅरव्हॅनच्या वजनाचा दहावा हिस्सा, किंवा थोडा जास्तच, त्या नाकावर दाबून बसलेला पाहिजे. मागे वजन जास्त झालं की नाक वर उचललं जातं, आणि नाक हलकं झालेली कॅरव्हॅन पुढच्या गाडीचं ऐकत नाही. डावी-उजवीकडे झुलायला लागते. घाबरून ब्रेक दाबला तर आणखी झुलते.

नाक तपासायचं आमचं यंत्र म्हणजे वेल्डर इक्बालभाई. हर्णैचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, घरच्या मच्छीमारी बोटी. ते दांड्याखाली दोन्ही हात घालायचे, कमरेतून एक झटका द्यायचे आणि निकाल सांगायचे. "जड." "ठीक." "हलकं आहे रे, ह्यात कुणी बसू नका." मी बाजूला कॅल्क्युलेटर घेऊन उभा असायचो आणि मनात म्हणायचो, ही काय पद्धत झाली?

आता बू सालेम. बू सालेम म्हणजे सालेमचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. त्यांच्या वडिलांची गलबतं मुंबईला यायची, त्यामुळे हिंदी आमच्याइतकंच चांगलं किंवा आमच्याइतकंच वाईट बोलायचे. त्यांनी मायदेशी परत जाणाऱ्या एका अमेरिकन कुटुंबाची कॅरव्हॅन घेतली होती. पिकअप दोन हजार सातशे किलो ओढणारी, कॅरव्हॅन पट्टीप्रमाणे दोन हजार पन्नासची. जोडी छान होती. फक्त तिची पाण्याची टाकी लहान.

"मोहंदिस," ते मला म्हणाले, "पानी ज्यादा चाहिए. वझू है, औरतें हैं, बच्चे हैं. और मेरी माँ बिना नहाए चाय नहीं पीती."

वझू म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, आणि मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. डिप्लोमावाल्याला कुणी इंजिनिअर म्हटलं की तो काय वाटेल ते करायला तयार होतो. मी तीनशे-तीनशे लिटरच्या दोन टाक्या काढल्या आणि कॅरव्हॅनच्या पार मागच्या टोकाला, आडव्या पलंगाखाली बसवल्या. कारण जागा तिथे होती.

गुरुवारची दुपार, दुसऱ्या दिवशी सुट्टी. बू सालेमचं अख्खं कुटुंब पिकअपमध्ये एसी लावून बसलेलं. इक्बालभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "सामंता, पाणी मागं घातलंस?"

"जागा तिथेच आहे, इक्बालभाई."

"टाक्या भर, आणि मग मला नाक दाखव."

आमच्या वर्कशॉपचा नळ पेन्सिलीएवढा. सहाशे लिटर भरायला दोन तास गेले असते. मी म्हटलं, "हिशेब केलाय मी. अडीच हजारांच्या आत आहे सगळं."

"पाणी धरून?"

"टाक्या रिकाम्या आहेत ना आत्ता."

हे वाक्य मी खरोखर बोललो. इक्बालभाईंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "डिप्लोमा तू केलायस बाबा," आणि वळले.

पण सरळ गेले नाहीत. बू सालेमची आई, घरातले सगळे तिला यद्दा म्हणायचे, म्हणजे आजी, ती गुडघ्यांमुळे पिकअपच्या सीटवर बसायला तयार नव्हती. ती केव्हाच कॅरव्हॅनमध्ये चढून मागच्या पलंगावर आडवी झाली होती. इक्बालभाई तिच्याशी अरबीत गोड बोलले, पोलिसांची भीती घातली, हात देऊन खाली उतरवलं, दार लावलं आणि चावी बू सालेमच्या हातात ठेवली. तंबू ठोकेपर्यंत उघडायचं नाही. म्हातारी पिकअपमध्ये बसेपर्यंत बडबडत होती. मला इक्बालभाईंचा राग आला. म्हटलं, हा माणूस गिऱ्हाईक तोडणार.

बू सालेमनी घरी जाऊन दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. शुक्रवारी सकाळी हत्ताच्या रस्त्याला लागले.

शनिवारी आमचे मॅनेजर कुरियन माझ्या टेबलापाशी आले. कुरियन वाईट बातमी नेहमी इंग्रजीत आणि अगदी हळू द्यायचे. "मिस्टर सामंत, दॅट कॅरव्हॅन. इट इज स्लीपिंग."

एका उतारावर कॅरव्हॅन झुलायला लागली, तिने पिकअपला मागून ढकलत आडवं केलं, दोन्ही गाड्या रस्ता सोडून वाळूत गेल्या. वाळू होती म्हणून पिकअप उभी राहिली. कॅरव्हॅन कुशीवर पडली. माणसं सगळी धड होती.

बायको तेव्हा मुलीला घेऊन नुकती दुबईला आली होती. अल कुसैसला आम्ही एक खोली घेतली होती, तिने खिडकीला पडदे शिवले होते. मी संध्याकाळी घरी जाऊन पडद्यांकडेच बघत बसलो. व्हिसा जाणार, हे मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी बू सालेम आले. आवाज चढवला नाही. माझा हात धरला, लहान मुलाचा धरतात तसा, आणि गाडीत बसवून कॅरव्हॅन आणून टाकली होती त्या यार्डात नेलं. फुटलेल्या खिडकीतून आत बघायला लावलं. भिंतीवरचं लाकडी कपाट मुळासकट उखडून मागच्या पलंगावर पडलं होतं. त्याच्या खालून उशीचा एक कोपरा बाहेर आलेला.

"ये तकिया मेरी माँ का है," ते म्हणाले.

मी खिडकीपासून मागे सरकलो.

"पानी का वजन किसने निकाला था?"

त्या क्षणी माझ्या मनात तीन उत्तरं आली, तिन्ही कंपनीवर, पट्टीवर किंवा इक्बालभाईंवर ढकलणारी. तोंडातून चौथंच आलं. "किसी ने नहीं."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "सच बोला. खलास." मालकाकडे तक्रार गेली नाही. मी आणि इक्बालभाईंनी सलग काही शुक्रवारी जाऊन ती कॅरव्हॅन दुरुस्त केली, टाक्या काढून बरोबर चाकांच्या वर घेतल्या, आणि पाणी भरून नाक तपासलं. तपासलं इक्बालभाईंनी. मी कॅल्क्युलेटर घरी ठेवून आलो होतो.

शिक्षा म्हणून बू सालेमनी मला नाव दिलं, बू माय. माय म्हणजे त्यांच्याकडे पाणी. पाण्याचा बाप. मराठीत माय म्हणजे काय, हे मी इक्बालभाईंना शपथ घालून गुप्त ठेवलं. नाव मात्र सगळ्या अल क्वोजभर झालं.

मग मी नियम केला. आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणारी प्रत्येक जोडी आधी काट्यावर चढणार. रिकामी चालणार नाही. पाणी भरून, गॅस भरून, डिझेल भरून, जी माणसं जाणार ती सगळी आत बसून, जे सामान जाणार ते सगळं लादून. शिवाय पुस्तकात शंभर लिहिलं असेल तर मी ऐंशीच मानणार, कारण ते पुस्तक लिहिणाऱ्याने ऑगस्टमधलं दुबई पाहिलेलं नाही.

काटा आमच्याच भागात होता, खडीच्या ट्रकसाठीचा, जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. तो चालवायचे एक पठाण, त्यांना सगळे खानसाहेब म्हणायचे. एका वजनाचे वीस दिरहम. बायको म्हणाली, "म्हणजे दोनशे रुपये, नुसतं वजन करायला?" कुरियनही तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत. गिऱ्हाइकं पळतील.

पळाली. एक जण तर मला म्हणाला, मी माझी बायको खडीच्या काट्यावर घालू? पण ज्यांच्या कॅरव्हॅनी दुसरीकडे जोडून आडव्या झाल्या, ते पुढच्या थंडीत परत आले, आणि बायकोसकट काट्यावर आले. पुढे रास अल खैमाहून, अल ऐनहून लोक यायचे. सांगताना आजही कॉलर जरा वर होते, की सात वर्षांत मी जोडलेली एकही जोडी क्रेनला लटकून परत आली नाही. एकही नाही. वर्कशॉपमध्ये माझ्याहून हुशार माणसं होती, पण हे वाक्य त्यांना म्हणता येत नव्हतं.

काट्यावरचा माझा रुबाब बघण्यासारखा असायचा. पिकअप आणि कॅरव्हॅन पाटावर चढली की मी दोघांच्या मध्ये, बरोबर नाकापाशी, हातात पॅड घेऊन उभा राहायचो. चाकं पाटाच्या आत आहेत ना, साखळ्या लागल्यात ना, नाक सरळ बसलंय ना, सगळं तिथूनच दिसायचं. मग हात वर करायचा, "हां, खानसाहेब." ते खिडकीतून आकडा ओरडायचे, मी लिहून घ्यायचो. गलबताच्या नाळेवर उभं राहिल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाइकं एकेक. एका गृहस्थांनी तीन बकऱ्या आणल्या, त्याही जाणार होत्या, म्हणून त्याही काट्यावर. पण त्या एका जागी उभ्या राहीनात, आकडा पुढेमागे नाचत राहिला. शेवटी खानसाहेब खिडकीतून म्हणाले, "इंजिनियर साब, इनको बोलो सांस रोको." एक इंग्रज म्हातारा मात्र माझा गुरू. त्याने पिशवीतून बाथरूममधला वजनकाटा काढला, विटेवर एक फळी टाकली, फळीच्या एका टोकाखाली काटा ठेवला, आणि कॅरव्हॅनचं नाक फळीवर टेकवून किलोत वाचून दाखवलं. इक्बालभाईंच्या कमरेने सांगितलं तेच उत्तर आलं. मी त्याच दिवशी घरचा वजनकाटा वर्कशॉपमध्ये आणला. तो बायकोने वेगळ्या हेतूने घेतला होता. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, कामासाठी लागतो. माझी मुलगी ऋता तेव्हा ऊद मेथाच्या शाळेत जायची, ती वही लिहिता लिहिता म्हणाली, "बाबा, दॅट्स सो कन्व्हीनियंट." त्यानंतर आमच्या घरात कुणाचंच वजन झालं नाही, आणि माझ्या जेवणावर कुणाला आकड्यानिशी बोलता आलं नाही.

दोन हजार सालानंतर एका थंडीच्या सुरुवातीला सालेम आला. बू सालेमचा मुलगा. अपघाताच्या वेळी मिशीही नव्हती, आता ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. गाडीतून न उतरता म्हणाला, "बू माय, कैसा है?"

त्याच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की त्या शुक्रवारनंतर यद्दा वाळवंटात गेलीच नव्हती. जन्म वाळूत काढलेली बाई, सात वर्षं घरात बसून होती. तंबूत गुडघे आखडतात आणि कॅरव्हॅनचं नाव काढलं की उठून आत जाते. यंदा मात्र स्वतःच म्हणाली, एकदा जायचंय, यंदा नाही तर मग नाही. आणि तिने अट घातली होती. ज्याने ती पाडली त्यानेच ही जोडायची. आणि ज्याने दार लावलं तो चावीवाला समोर हजर पाहिजे.

बू सालेमनी मला कधीच माफ केलं होतं. म्हातारीने मला संधी दिली होती. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि सालेमने आणली होती तीस फुटी कॅरव्हॅन. आत मजलिससारखी बैठक, दोन एसी, वर टीव्हीची छत्री. पिकअप जपानी, चांगली, पण तिच्या आवाक्यातली नव्हती. मी पट्ट्या वाचल्या आणि म्हटलं, "नहीं होगा."

"मेरा दोस्त यही गाडी से यही खींचता है."

"दोस्त को बोलो, मेरे पास मत आना."

सालेमने काच वर केली. कुरियन मला आत घेऊन गेले. "मिस्टर सामंत, वी आर हियर टू फिट ऑर टू रिजेक्ट?" त्या वर्षी धंदा मंद होता आणि हे मोठं काम होतं. मी सांगितलं, जोडणीचा गोळा तुम्ही बसवून घ्या, कागदावर सही माझी नसेल. कुरियननी खिडकीतून बाहेर पाहिलं. सहीशिवाय यद्दा बसणार नाही, हे सालेमने त्यांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, "यू आर अ व्हेरी एक्स्पेन्सिव्ह मॅन," आणि आपल्या खोलीत गेले. ही माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली शाबासकी होती, असं मी समजतो.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी बू सालेम स्वतः आले, सालेम मागे. मोठी कॅरव्हॅन परत गेली होती. तिच्या जागी एक आटोपशीर, आणि कुणा भावाकडून आणलेली दणकट अमेरिकन पिकअप. "अब देखो, बू माय," ते म्हणाले. मी पाहिलं. पौंडांचे किलो केले, दोनदा केले, ऋताकडून फोनवर तिसऱ्यांदा करून घेतले. सगळं मिळून सात हजार किलो चालेल असं पुस्तक म्हणत होतं. म्हणजे माझ्या नियमाने पाच हजार सहाशे.

जायच्या दिवशी सगळे काट्यावर. टाक्या भरलेल्या. यद्दा पिकअपच्या मागच्या सीटवर, काच खाली, काळ्या शेल्यातून फक्त डोळे. तिच्या पायाशी तिची कोळशाची लोखंडी शेगडी आणि तवा. इक्बालभाई त्या दिवशी पहिल्यांदाच काट्यापर्यंत आले होते, एरवी ते वेल्डिंग सोडून हलायचे नाहीत. यद्दाने त्यांना बघून हात वर केला. मला बघून केला नाही.

मी माझ्या जागी उभा राहिलो, हात वर केला.

"पाँच हजार आठ सौ साठ," खानसाहेब ओरडले.

"दोनशे साठ जास्त," मी म्हटलं. "उतरवा."

दुसरा जनरेटर उतरला. पाच हजार आठशे. सालेमचे व्यायामाचे डंबेल निघाले, लाज वाटून त्याने स्वतःच उतरवले. लाकडाच्या मोळ्या, ज्यादा गालिचे. मी प्रत्येक वेळी नाकापाशी उभा, हात वर. पाच हजार सातशे वीस. पाण्याच्या बाटल्यांचे खोके. पाच हजार सहाशे ऐंशी.

"और अस्सी," मी म्हटलं.

सालेम म्हणाला, "हबीबी, अस्सी किलो से क्या होता है?"

"पिछली बार पूछना था," मी म्हटलं.

आता उतरवण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं. यद्दाची गादी होती, ती काढणं शक्य नव्हतं. मी पिकअपच्या खिडकीपाशी सरकलो आणि मान खाली घालून शेगडीकडे बोट दाखवलं. "यद्दा, ये भी."

म्हातारीने दोन्ही पाय शेगडीवर ठेवले. त्या शेगडीवर ती वाळवंटात सगळ्यांसाठी स्वतःच्या हाताने भाकऱ्या करायची, ती नसेल तर जायचं कशाला, असं काहीतरी ती भराभर बोलली. बू सालेम तिला समजावू लागले. ती दाराच्या कडीला हात घालून उतरायलाच निघाली. सात वर्षांनी जुळत आलेलं माझ्या ऐंशी किलोंवर मोडत होतं. पण मी जागचा हललो नाही. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि तेही मराठीत.

मग ती थांबली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या बुटांपाशी नजर ठेवली, आणि काहीतरी एकच वाक्य बोलली. मला त्यातला 'मतीन' एवढा शब्द कळला. मतीन म्हणजे जाडा. बू सालेमनी तोंडावर हात ठेवला. सालेम पाठ करून उभा राहिला.

मी इक्बालभाईंकडे पाहिलं. "काय म्हणतेय?"

"म्हणतेय, माझी शेगडी कशाला उतरवता. काट्यावर हा जाडा उभा आहे, त्याला उतरवा."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय लोखंडी पाटावर होते. मी एक पाऊल मागे गेलो, मग दुसरं, आणि सिमेंटवर उतरलो.

"पाँच हजार पाँच सौ अस्सी," खानसाहेबांनी सांगितलं.

मी त्यांच्या खिडकीपाशी गेलो आणि हळूच विचारलं, "खानसाहब, इतने साल बताया क्यों नहीं?"

ते प्रामाणिकपणे म्हणाले, "तुम हर बार ऊपर खडा होता था, साब. हम समझा तुम भी साथ जाता है."

मी कागदावर सही केली. यद्दाने पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हात वर केला, दुसरा हात शेगडीवर ठेवूनच. ते सुखरूप गेले, दहा दिवस राहिले, सुखरूप परत आले, हे इथेच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही. पिकअप हळूहळू रस्त्याला लागली. मागची कॅरव्हॅन अगदी सरळ, नाक घट्ट बसलेलं, रेषा मारल्यासारखी. ती वळेपर्यंत मी बघत राहिलो. मनात सात वर्षांतले लोक येत होते: कुणाचा जनरेटर, कुणाचे गालिचे, आणि बकऱ्यांपैकी एक, जी मी जास्त झाली म्हणून घरी परत पाठवली होती.

मी इक्बालभाईंना म्हटलं, "काही म्हणा, प्रत्येकाला शंभर किलोंची जास्तीची सेफ्टी मिळाली ना?"

इक्बालभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "सात वर्षं लोकांचं सामान उतरवलंस, सामंता. आधी तू उतरायचंस."